जवळ आलेला धातू: इंडक्टिव्ह सेन्सरचा आढावा, मुरुडच्या खाऱ्या वाऱ्यात

मुरुडला लोखंड टिकत नाही. खारा वारा बारा महिने आहेच, पावसाळ्यात त्याला ओलीची जोड मिळते आणि दाराच्या बिजागऱ्या, छपराचे पत्रे, होडीच्या इंजिनाचे नटबोल्ट सगळ्यांवर तांबूस पूड चढते. किनाऱ्यावरच्या माणसाला याचं नवल नाही. रंग मारायचा, ग्रीस फासायचं, जमेनासं झालं की बदलायचं. पण विजेच्या स्विचच्या आतल्या संपर्कबिंदूंना रंगही लावता येत नाही आणि ग्रीसही फासता येत नाही. यंत्राचा एखादा भाग ठरलेल्या जागी आला की दांडी दाबली जाते, आत दोन धातू एकमेकांना टेकतात आणि मोटर थांबते, अशा साध्या ‘लिमिट स्विच’चं किनाऱ्यावर फार काळ बरं चालत नाही. दांडी अडकते, स्प्रिंग गंजते, संपर्कबिंदूंवर हिरवट-काळा थर बसतो.

बर्फाच्या कारखान्याचं उदाहरण घ्या. मासेमारीच्या बंदराला बर्फ लागतोच. लादी बर्फ बनवण्याच्या जुन्या पद्धतीत पाण्याने भरलेले डबे थंडगार मिठाच्या पाण्यात सोडतात आणि लादी तयार झाली की वरच्या क्रेनने उचलतात. म्हणजे बाहेर खारा वारा, आत खारं पाणी, आणि मधोमध क्रेन कुठे थांबवायची हे सांगणारा स्विच. अशा जागी दांडी नसलेला, उघडे संपर्कबिंदू नसलेला, कशालाही न टेकता काम करणारा स्विच असेल तर निम्मी डोकेदुखी जाते. तो स्विच म्हणजे इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी सेन्सर. कारखान्यांत त्याला नुसतं ‘प्रॉक्सी’ म्हणतात.

या उपकरणाला जवळपास काहीच दिसत नाही, आणि म्हणूनच ते इतकं उपयोगाचं आहे. धूळ, तेल, पाण्याचे थेंब, माशांचे खवले, प्लास्टिक, लाकूड, माणसाचा हात, यांपैकी कशाचीही ते दखल घेत नाही. समोर धातू आला की तेवढं कळतं, तेही काही मिलिमीटरच्या आत. डोळ्यासारखं काम करणाऱ्या प्रकाशकिरणाच्या सेन्सरची काच खाऱ्या तुषारांनी धुरकट होते आणि तो फसतो. धातूशिवायही पुष्कळ काही ओळखणारा कपॅसिटिव्ह सेन्सर ओल्या चिखलालाही वस्तू समजतो. प्रॉक्सीचं अज्ञान इतकं पक्कं आहे की त्याला फसवणं अवघड जातं.

आतली रचना साधी आहे. फेराइटच्या छोट्या वाटीत तांब्याच्या तारेची कॉइल बसवलेली असते. तिला कपॅसिटर जोडून एक ऑसिलेटर तयार करतात, आणि कॉइलमधला प्रवाह सेकंदाला काही लाख वेळा उलटसुलट होत राहतो. वाटीचं तोंड समोर उघडं असल्यामुळे बदलतं चुंबकीय क्षेत्र सेन्सरच्या तोंडापुढे थोडं बाहेर येतं. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं की बदलत्या चुंबकीय क्षेत्रात वाहक ठेवला की त्यात वीज निर्माण होते. घन धातूच्या तुकड्यात ही वीज गोल गोल फिरते. या भोवरी प्रवाहांचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ फुको याच्या नावावर १८५५ सालचा आहे. हे प्रवाह धातूला किंचित तापवतात आणि त्या उष्णतेची किंमत कॉइलला मोजावी लागते. कोकणातल्या ओटीवरच्या झोपाळ्यावर बसलेल्याने पाय जमिनीला घासू दिला की झोका लहान होतो, तसं कॉइलमधलं दोलन मंदावतं. दोलनाची उंची ठरलेल्या पातळीखाली गेली की पुढचं सर्किट निर्णय घेतं: धातू आला. ट्रान्झिस्टर चालू होतो, पाठीमागचा छोटा दिवा लागतो.

निर्णय घेणाऱ्या या सर्किटमध्ये एक शहाणपण आहे. धातू जवळ येताना सेन्सर ज्या अंतरावर चालू होतो, त्यापेक्षा थोड्या जास्त अंतरावर तो बंद होतो. हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. नाहीतर थरथरणाऱ्या यंत्राचा भाग नेमका सीमेवर उभा राहिला तर स्विच सेकंदाला शंभर वेळा चालू-बंद होत राहिला असता.

अंतर मात्र फार कमी. बारा मिलिमीटर व्यासाचा, तोंडापर्यंत धातूत बुडवून बसवण्याजोगा सेन्सर साधारण दोन मिलिमीटरवर ओळखतो. तोंड बाहेर काढून बसवण्याचा असेल तर चार. अठरा मिलिमीटर व्यासाचे पाच आणि आठ, तीस मिलिमीटरचे दहा आणि पंधरा. कॉइल मोठी तर पोच मोठी, हा हिशेब मोडता येत नाही. दूरचं ओळखायचं असेल तर हे साधन तुमचं नव्हे.

आता यातली सगळ्यात गमतीची गोष्ट. रोजच्या वापरातल्या धातूंत वीज सर्वांत चांगली वाहून नेणारं तांबं या सेन्सरला सर्वांत उशिरा दिसतं. कॅटलॉगात दिलेलं अंतर एक मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी चौकोनी तुकड्याचं असतं. स्टेनलेस स्टील असेल तर ते प्रकारानुसार साधारण सत्तर ते पंच्याऐंशी टक्क्यांवर येतं, पितळ आणि ॲल्युमिनियम असेल तर निम्म्याच्या खाली, आणि तांबं असेल तर तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. कारण सरळ आहे. सेन्सर वीज मोजत नाही, वाया गेलेली ऊर्जा मोजतो. तांब्यात भोवरी प्रवाह अडथळ्याशिवाय फिरतात, उष्णता कमी होते, कॉइलला ओझं जाणवत नाही. लोखंडात प्रवाह पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरात कोंडले जातात, तिथे त्यांना विरोध होतो आणि ऊर्जा जास्त खर्च होते. म्हणूनच ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा अर्ध्या अंतरावरही न ओळखणारा सेन्सर ॲल्युमिनियमची पातळ फॉइल जवळजवळ लोखंडाच्या अंतरावर ओळखतो. फॉइल इतकी पातळ की तिच्यात विरोध पुन्हा वाढतो. जास्त धातू म्हणजे जास्त सहज दिसणं, हा आपला समज इथे उलटा पडतो.

किनाऱ्यावर हा फरक कागदावरचा राहत नाही. होडीवर खाऱ्या पाण्याला टिकणारे धातू वापरतात: पंखा ब्राँझचा, शाफ्ट स्टेनलेसचा, झडपा पितळी. साधं पोलाद म्हणजे ज्याच्यावर सेन्सरचा आकडा बेतलेला, तेच इथे सर्वांत कमी. सर्व धातू एकाच अंतरावर ओळखणारे ‘फॅक्टर वन’ सेन्सरही बाजारात आहेत. ते महाग पडतात, पण मिश्र धातूंच्या जागी ती किंमत वसूल होते.

हे उपकरण जन्मालाही आलं ते गंजाच्या आणि ठिणगीच्या भीतीतूनच. जर्मनीत मानहाइम इथल्या पेपर्ल अँड फुक्स या कंपनीने १९५८ मध्ये बीएएसएफ या रसायन कंपनीच्या गरजेसाठी पहिला इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी स्विच तयार केला. रसायनांच्या वाफेत यांत्रिक संपर्कबिंदू झिजत होते, आणि संपर्क तुटताना उडणारी ठिणगी ज्वालाग्राही वायूत परवडणारी नव्हती. त्यातून पुढे ‘नामूर’ नावाची दोन तारांची पद्धत रुळली. सेन्सरला फक्त आठेक व्होल्ट द्यायचे आणि त्यातून वाहणारा प्रवाह एक-दोन मिलिॲम्पियरच्या आसपास कमी-जास्त होतो, एवढ्यावरून धातू आहे की नाही ते ओळखायचं. इतक्या क्षीण विजेची ठिणगी वायू पेटवू शकत नाही. मुरुडच्या रायगड जिल्ह्यात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. रोह्याजवळची धाटावची औद्योगिक वसाहत, थळचा खत कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प या सगळ्या रसायनांच्याच जागा. अशा कारखान्यांत झडप उघडी आहे की बंद, हे नियंत्रण कक्षाला कळवण्याचं काम जगभर याच जातीचे सेन्सर करतात.

इंडक्शनवर चालणारी सगळीच साधनं प्रॉक्सीसारखी नसतात. याच तत्त्वाचं आणखी साधं रूप डिझेल जनरेटरमध्ये असतं. पावसाळ्यात वीज गेली की मुरुडच्या हॉटेलांत जनरेटर सुरू होतात. पुष्कळ जनरेटरांच्या फ्लायव्हीलच्या दातांसमोर ‘मॅग्नेटिक पिकअप’ बसवलेला असतो. त्यात एक लोहचुंबक आणि त्याभोवती कॉइल, एवढंच. प्रत्येक दात समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये विजेचा एक झटका उठतो. झटके मोजून गव्हर्नर इंजिनाची गती सांभाळतो. मोटरसायकलमधली पल्सर कॉइल हे याचंच भावंड. त्याला बाहेरून वीज लागत नाही हा फायदा, आणि फ्लायव्हील थांबलेलं असलं की तो पूर्ण आंधळा हा तोटा. प्रॉक्सीला थांबलेला धातूही दिसतो. गिऱ्हाइकाला हा फरक दुकानदाराने सांगायला हवा, पण बहुतेक वेळा सांगितला जात नाही.

घरातली इंडक्शन शेगडीही याच वंशातली. भांडं उचललं की ती बंद होते, कारण तिच्या कॉइलवरचं ओझं नाहीसं झाल्याचं तिला कळतं. नाणं टाकून चालणारी यंत्रं नाण्याचा धातू कॉइलच्या मधून जाताना ओळखतात. टोलनाक्यावर रस्त्यात खाच पाडून पुरलेला तारेचा चौकोन वर आलेल्या गाडीच्या पोलादामुळे आपली वारंवारता बदलतो. त्याच्या क्षेत्राची उंची फार नसते, त्यामुळे जमिनीपासून उंच असलेल्या लांब ट्रकचा मधला भाग त्याला कधी कधी दिसत नाही. एका ट्रकची दोन वाहनं होऊ नयेत म्हणून जोडीला प्रकाशकिरणांचे पडदे लावावे लागतात.

कोकण रेल्वेचा आरंभ रोह्याला होतो. मुरुडहून तिकडे जाणाऱ्याला रुळाच्या कडेला, रुळालाच घट्ट पकडलेल्या छोट्या पेट्या दिसतील. भारतीय रेल्वेत मोठ्या प्रमाणावर वापरात असलेला हा ॲक्सल काउंटर. रुळाच्या एका बाजूला क्षेत्र सोडणारी कॉइल, दुसऱ्या बाजूला ते पकडणारी. मधून चाक गेलं की क्षेत्र विस्कटतं आणि एक आस मोजला जातो. अशा दोन जोड्या थोड्या अंतराने बसवतात, त्यामुळे गाडी कोणत्या दिशेने गेली हेही कळतं. टप्प्यात जितके आस आत गेले तितकेच बाहेर पडले तर मार्ग मोकळा. जुनी पद्धत दोन रुळांमधून वीज खेळवून, चाकांनी ते रूळ जोडले की गाडी आहे असं मानण्याची होती. कोकणातल्या पावसात खडी आणि मातीतून ती वीज गळते आणि गाडी नसताना आहे असं भासतं. ॲक्सल काउंटरला पावसाचं काही वाटत नाही. त्याची अडचण वेगळी: तो फक्त मोजतो. मोजणी एकदा चुकली की माणसाने खात्री करून ती शून्यावर आणेपर्यंत सिग्नल लाल राहतो. गाडी उशिरा येणं चालेल, अपघात चालणार नाही, या बाजूने झुकलेली ही चूक आहे, आणि ते योग्यच आहे.

धातुशोधक हा या कुटुंबातला सर्वांत प्रसिद्ध सदस्य. डेव्हिड ह्यूजने १८७९ मध्ये इंडक्शन बॅलन्स नावाचं यंत्र मांडलं आणि दोनच वर्षांनी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने त्याची सुधारलेली आवृत्ती घेऊन, गोळी लागलेले अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात ती गोळी कुठे आहे हे शोधण्याचा प्रयत्न केला. गोळी सापडली नाही. पलंगाच्या पोलादी स्प्रिंगांनी यंत्र गोंधळलं, शिवाय डॉक्टरांनी शोध शरीराच्या एकाच बाजूला करू दिला. आसपासच्या धातूकडे दुर्लक्ष केलं की हे साधन कसं हसं करतं, त्याचा हा पहिला मोठा धडा.

समुद्राकाठी याच धडधडीत धातुभक्ताला एक अनपेक्षित शत्रू भेटतो: मीठ. समुद्राचं पाणी वीज वाहून नेतं. लोखंडाच्या तुलनेत वीस लाख पटींच्या घरात कमी, पण शून्य नव्हे. प्रॉक्सीच्या दोन मिलिमीटरच्या जगात हे नगण्य असतं. वाळूत हातभर खोल धातू शोधणाऱ्या मोठ्या कॉइलला मात्र ओली खारी वाळू म्हणजे सगळीकडे पसरलेला पुसट धातू वाटतो. त्यात दख्खनच्या बेसाल्टमध्ये आणि त्याच्या वाळूत मॅग्नेटाइटचे कण असतात, जांभ्यात लोहाचे ऑक्साइड असतात. म्हणून किनाऱ्यावर एका सुरात चालणाऱ्या यंत्रांपेक्षा पल्स पद्धतीची यंत्रं बरी पडतात. ती विजेचा झटका देऊन थांबतात आणि मागे रेंगाळणारा प्रतिसाद ऐकतात. मिठाच्या पाण्यातला प्रवाह लगेच विरतो, धातूतला थोडा टिकतो.

मासे-निर्यातीच्या कारखान्यांत हाच प्रश्न रोजचा आहे. तळोजाच्या औद्योगिक वसाहतीत असे कारखाने आहेत. मासळीत गळाचा तुकडा किंवा सुरीचं टोक राहिलं तर परदेशातून माल परत येतो. त्यामुळे पट्ट्यावरून जाणारं प्रत्येक खोकं तीन कॉइलच्या बोगद्यातून नेतात. मधली कॉइल क्षेत्र सोडते, दोन्ही बाजूंच्या कॉइल एकमेकींचा परिणाम रद्द करतील अशा जोडलेल्या असतात. धातूचा कण आला की तोल ढळतो. पण ओली, खारी, ताजी मासळी स्वतःच तोल ढळवते. गोठवलेल्या मासळीत हा त्रास बराच कमी होतो, कारण बर्फात वीज वाहत नाही. लोखंडी गळ सापडतो, स्टेनलेस सुरीचा बारीक तुकडा चकवा देऊ शकतो, आणि पातळ तार तर कोणत्या दिशेला आडवी पडली आहे यावर सापडणं-न सापडणं ठरतं. म्हणून चांगल्या कारखान्यात ठरावीक वेळाने लोखंडाची, बिगरलोखंडी धातूची आणि स्टेनलेसची चाचणी-गोळी पट्ट्यावरून पाठवून यंत्र जागं आहे ना, हे पाहतात.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र या साधनावर लोकांचा विश्वास गरजेपेक्षा जास्त आहे. मुरुडपासून फार दूर नसलेल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर १९९३ च्या फेब्रुवारीत आरडीएक्स उतरवलं गेलं आणि १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले. त्यानंतर धातुशोधक चौकटी आपल्या सवयीच्या झाल्या. पण आरडीएक्स हा धातू नाही. चौकटीला बंदूक, चाकू, स्फोटकाला जोडलेला धातूचा भाग कळतो, स्फोटक कळत नाही. मॉलच्या दारातली चौकट ओरडते आणि कुणी बघत नाही, हे दृश्य तर सर्वांनी पाहिलं आहे.

मुरुडहून सुमारे पन्नास किलोमीटर उत्तरेला, अलिबागला, या शास्त्राची दुसरी बाजू बघायला मिळते. तिथे शंभराहून अधिक वर्षं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजलं जातं. हे काम मूळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून सुरू होतं. १८५९ च्या सप्टेंबरातल्या, कॅरिंग्टनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रचंड सौर वादळाची कुलाब्यातली नोंद आजही जगभरचे अभ्यासक वापरतात. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामचा जमिनीत पसरणारा प्रवाह चुंबकीय नोंदी बिघडवणार, हे त्यावेळचे संचालक नानाभॉय आर्देशीर फ्रामजी मूस यांनी ओळखलं. वेधशाळा अलिबागला हलवली गेली. इमारत बिनलोखंडी साहित्याची बांधली. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी घेतल्या गेल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळावा. विजेची ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावली. दोन-तीन वर्षं दुहेरी नोंदी ठेवण्याचा तो चोखपणा नसता तर आज ती मालिका दोन तुटक तुकड्यांत राहिली असती. आपल्याकडे वास्तू हलवताना इतकी काळजी क्वचितच घेतली जाते.

अलिबागची वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि अशा वेधशाळांत आता फ्लक्सगेट नावाचं साधन वापरतात. त्यातही कॉइलच आहे. मऊ चुंबकीय गाभा उलटसुलट प्रवाहाने पुन्हापुन्हा पूर्ण भरायचा, आणि पृथ्वीच्या क्षेत्रामुळे त्या भरण्यात किंचित एकांगीपणा आला की दुसऱ्या कॉइलमध्ये तो पकडायचा. बर्फाच्या क्रेनवरचा प्रॉक्सी आणि हे साधन यांचं मूळ एकच आहे. एकाला दोन मिलिमीटरवरचा खिळा हवा असतो, दुसऱ्याला आवारात खिळाच नको असतो.

हे सेन्सर बिघडतात ते क्वचितच कॉइलमुळे. आतला भाग राळेत ओतून बंद केलेला असतो, त्याला पाणी शिवत नाही. मरते ती केबल, नाहीतर जोडणी. वाकून तुटलेली तार, खारं पाणी शिरलेला कनेक्टर, तोंडावर चिकटलेला लोखंडी कीस, किंवा दोन सेन्सर इतके जवळ बसवले की एकाचं क्षेत्र दुसऱ्याला भिडतं. यांत्रिक धक्का हा आणखी एक. न टेकता काम करणाऱ्या सेन्सरवर यंत्राचा भाग आपटू देणं हा बसवणाऱ्याचा दोष.

तेव्हा किनाऱ्यावर हे साधन घेणाऱ्याने थोडा जास्त खर्च करावा. निकेल चढवलेल्या पितळी अंगापेक्षा स्टेनलेसचं अंग घ्यावं. कनेक्टर टाळता आला तर केबल आतूनच बांधलेला सेन्सर घ्यावा, आणि केबल वरून उतरताना तिला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे थेंब सेन्सरकडे न जाता तिथून गळून पडतो. जुन्या यंत्रावर जपानी बनावटीचा नियंत्रक असेल तर एनपीएन, युरोपीय असेल तर बहुधा पीएनपी प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा सेन्सर लागतो, हे विकत घेण्याआधी विचारावं. कॅटलॉगातल्या अंतराच्या ऐंशी टक्क्यांपुढे विसंबू नये. आणि बसवण्याआधी ज्या धातूचा तुकडा ओळखायचा आहे तोच समोर धरून अंतर मोजावं, कारण छापलेला आकडा साध्या पोलादाचा असतो आणि आपल्या होडीवर बहुधा ब्राँझ असतं.